कडेचा बॉल

गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली,
शाल्मलीचं परफ्यूम, माझी चिल्लर
आणि बडीशेपेची डबीसुद्धा.
"भिया, ही कोणाला फेकून मारणार मी?"
तो हसला, मनगटाला केशरी पट्टी चिकटवत म्हणाला,
"आंटी, इसको उतारना मत."

रेसकोर्स रोडवरचं हेच ते स्टेडियम.
शाल्मलीला म्हटलं, मी इथे खेळायचे.
"हो मावशी, माहितीये,"
म्हणत तिने दोघींचा फोटो काढला
आणि कोणाला तरी पाठवलाही,
माझे डोळे मिटलेले असताना.

फ्लोअरवर काळं मॅटिंग.
रंगपंचमीच्या गेरला राजवाड्यावर उभी असावीत
तशी माणसं माणसांना चिकटलेली.
मी शोधते वर गुंडाळून ठेवलेली बास्केटबॉलची रिंग,
मग स्कोअरबोर्डाची भिंत, मग तो खांब,
खांबापासून अकरा पावलं.
टेबल नंबर चार.
साउंडवाल्याचा कन्सोल नेमका तिथे मांडलाय.

ड्रम सुरू होतात.
बरगड्यांच्या आत कुणीतरी लोखंडी कपाट सरकवतंय.
शाल्मलीला सगळे शब्द पाठ.
मला दिसतात फक्त तिचे ओठ
आणि मान, तिच्या आईसारखी डावीकडे कललेली.

अठ्ठ्याण्णव साल. राज्य ज्युनियरची फायनल.
गेम तेव्हा एकवीसचा असायचा.
पाचवा गेम, वीस-एकोणीस, मी पुढे.
समोर जबलपूरची शुभ्रा दुबे,
दोन वेण्या, गुडघ्याला क्रेप बँडेज.
तिचा स्मॅश माझ्या डाव्या कोपऱ्यात आला
आणि कड चाटून गेला.

टेबलावरचा बॉल टक वाजतो.
कडेचा वेगळा वाजतो,
नखाने वाटी वाजवावी तसा, बारीक, अर्धाच.
पंच मुळ्ये सर चष्मा सारखा करत होते.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
अशा वेळी आपणच बोट वर करायचं असतं,
हे पहिल्या महिन्यात शिकवतात,
सर्व्हिसच्याही आधी.
माझी पाची बोटं रॅकेटभोवती.
"एकवीस, एकोणीस."

शुभ्रा काही बोलली नाही.
हात मिळवला, गार, ओला.
"अच्छा खेली."
कप आईने शोकेसमध्ये ठेवला.
दोन घरं बदलली, कप येत राहिला.
आवाजही.
बांगडी नळाला लागते तेव्हा.
ऑफिसात पेनाचं टोपण फरशीवर पडतं तेव्हा.

आज तिकीट काढताना वाटलं होतं,
एवढ्या गदारोळात तो एक तरी बुडेल.

मग स्टेजवरचा पोरगा
(स्क्रीनवर दुमजली, खाली अंगठ्याएवढा)
ओरडला, "इंदौर, हाथ ऊपर!"
हजारो हात वर गेले.
शाल्मलीचे दोन्ही.
माझा एक, आधी अख्खा,
मग बोटं मिटत गेली, एक उरलं.
कितीतरी वेळ ते तसंच वर.
कन्सोलवरच्या मुलाने पाहिलं.
त्याला वाटलं, बाई आवाज वाढवायला सांगतायत.
त्याने मला अंगठा दाखवला
आणि खरंच काहीतरी वर सरकवलं.

रात्री एक. सराफ्यात
भुट्ट्याच्या किसाची वाफ चष्म्यावर.
तिचा घसा बसलाय, माझ्या कानांत शिट्टी.
ती काहीतरी विचारते. "कसं वाटलं" असावं.
मी म्हणते, "तो बॉल कडेला लागला होता."
"काय?"
"लागला होता."
"काय लागलं, मावशी? कुठे लागलं?"
बाकड्यावरचे तिघे द्रोण हातात धरून वळतात.
कढईवालाही.
मी डोळ्यांवरचा चष्मा पुसते
आणि पुन्हा सांगते,
आता मोठ्याने.